डगी सेंटर

शोकाकुल मुले व कुटुंबांना आधार देणारे आणि तो कसा द्यावा हे शिकवणारे अमेरिकेतील केंद्र. परिचारिका बेव्हर्ली चॅपल यांनी ते १९८२ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे सुरू केले. मेंदूच्या अर्बुदाने वारलेल्या डगी टर्नो या मुलाचे नाव केंद्राला दिले आहे. मृत्यूविषयी त्याने विचारलेल्या प्रश्नांना मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी सचित्र पत्रातून उत्तर दिले होते.

येथील स्वयंसेवक आधी ऐकायला शिकतात. ‘रडू नकोस’ म्हणायचे नाही, उपदेश करायचा नाही. मूल जे बोलेल तेच त्याच्यापुढे पुन्हा मांडायचे. इतर मुलांसोबत गोलात बसलेल्या मुलाला गप्प राहण्याची मुभा असते. ‘ज्वालामुखी खोली’त त्याला दणादण आदळआपट करून राग मोकळा करता येतो.

मृत्यूची बातमी स्पष्ट शब्दांत सांगण्यावर भर असतो. ‘आजोबा झोपले’ असे सांगितल्यास लहान मूल झोपेलाच घाबरू शकते.