फेल्डमन, सर मार्क

(जन्म : २ डिसेंबर १९४४). रोगप्रतिकारशास्त्रज्ञ. आमवातात सांधे पोखरणाऱ्या दाहाची सूत्रे टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) या प्रथिनाकडे असतात, हे त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने दाखवले. ते प्रथिन अडवले की रोग आटोक्यात येतो, हे संधिवाततज्ज्ञ सर रविंदर मैनी यांच्यासह रुग्णांवर सिद्ध केले.

आपल्याकडे सांध्यांचे कोणतेही दुखणे ‘संधिवात’ या एकाच शब्दात घातले जाते. वाढत्या वयात गुडघ्यातील कूर्चा झिजते, तो आजार वेगळा. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पातळ असलेले ते अस्तर सुजून जाड होते, कूर्चेवर चढते आणि हाड कुरतडते. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, पिळा घालून कपडे पिळता येत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून घरोघर केलेल्या पाहणीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला हा आजार आढळला. टीएनएफरोधक येण्यापूर्वी मेथोट्रेक्सेट, सोन्याचे क्षार, स्टेरॉइड असे उपाय होते. तरी अनेकांची बोटे वाकडी होतच राहत.

फेल्डमन यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील ल्वीव शहरात, ज्यू कुटुंबात झाला. युद्धानंतर कुटुंब फ्रान्सला गेले आणि ते आठ वर्षांचे असताना ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. मेलबर्न विद्यापीठातून १९६७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. तेथीलच वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत गुस्ताव नॉसल यांच्याकडे संशोधन करून १९७२ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रतिकारपेशी शरीराबाहेर, काचपात्रात वाढवून त्यांचे वागणे पाहणे हा त्या कामाचा विषय होता आणि हेच कसब त्यांना पुढे उपयोगी पडले. नंतर ते लंडनला एव्हरियन मिचिसन यांच्या विभागात आले.

सांध्यांकडे ते वळले थायरॉइडच्या वाटेने. १९८३ मध्ये त्यांनी जान फ्रँको बोटाझो आदींबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये एक कल्पना मांडली : ज्या अवयवावर हल्ला होतो, त्याच्याच पेशी प्रतिकारपेशींना आपली प्रथिने ‘दाखवू’ लागतात आणि स्थानिक सायटोकाईन, म्हणजे पेशींचे निरोपे रेणू, ही आग पेटती ठेवतात. मग या रेणूंना थेट रोगट ऊतीतच का शोधू नये? थायरॉइडपेक्षा सांधे त्यासाठी सोयीचे होते, कारण शस्त्रक्रियेत काढलेले अस्तर हाती येत असे. आमवाताच्या रुग्णांत रमलेले मैनी याच सुमारास त्यांना लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात भेटले. मैनी यांचा जन्म १९३७ मध्ये लुधियानात झाला, बालपण युगांडात गेले आणि पुढचे सारे आयुष्य इंग्लंडमध्ये.

यापुढचे काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. सांधा बदलताना निघालेले अस्तर विकराने विरघळवून पेशी सुट्या करायच्या आणि पात्रात ठेवायच्या. बाहेरून काहीही चेतवणी न देता त्या पेशी कित्येक दिवस सायटोकाईन बनवत राहत. सापडणाऱ्या रेणूंची यादी लांबतच गेली आणि अडचण उभी राहिली ती इथेच. इतके रेणू एकमेकांचे काम करू शकत असतील, तर एकाला रोखून काय मिळणार? त्या काळातील बहुतेक जाणकारांचे मत असेच होते, आणि ते अवाजवीही नव्हते. फेल्डमन यांच्या गटातील फिओनुला ब्रेनन यांनी पात्रात टीएनएफविरोधी प्रतिपिंड घातले, तेव्हा आमवाताच्या पेशींतील इंटरल्यूकिन-१ चे उत्पादन घसरले. झिजेच्या आजारातील पेशींत तसे घडले नाही. हा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे इतर दाहकारक रेणूही टीएनएफपाठोपाठ खाली येतात, असे दिसले. म्हणजे हा नुसता जमाव नव्हता, त्यात वरचा आणि खालचा होता. फेल्डमन यांच्या कामाचे खरे मोल या उतरंडीच्या शोधात आहे. औषध त्यातून निघाले. त्याच गटातील रिचर्ड विल्यम्स यांनी १९९२ मध्ये उंदरांच्या सांधेदाहातही हेच दाखवले, रोग सुरू झाल्यानंतर प्रतिपिंड देऊनसुद्धा.

माणसांसाठीचे प्रतिपिंड हवे होते. न्यूयॉर्क विद्यापीठातील यान व्हिल्चेक आणि जुनमिंग ले यांच्या कामातून तयार झालेले असे एक प्रतिपिंड सेंटोकोर कंपनीकडे होते. त्याचेच पुढे इन्फ्लिक्सिमॅब असे नाव झाले. कंपनीतील जिम वुडी हे फेल्डमन यांचे जुने विद्यार्थी, आणि त्यांनी ते देण्याचे मान्य केले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉसमध्ये, इतर औषधांनी गुण न आलेल्या २० रुग्णांना ते शिरेतून देण्यात आले. सुजलेल्या सांध्यांची मध्यक संख्या सहा आठवड्यांत १८ वरून ५ वर आली. नंतर ७३ रुग्णांची चाचणी झाली. यात काहींना नुसते सोंगऔषध (प्लासिबो) दिले होते आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला वा डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. चार आठवड्यांनी मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी ७९ टक्के सुधारले, तर सोंगऔषधावरचे केवळ ८ टक्के. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाचा अंमल ओसरला की सूज परतत असे आणि पुन्हा दिल्यावर ओसरत असे. रोग बरा झालेला नव्हता. पण तो कोणामुळे पेटतो, याचा माणसातील पुरावा याहून स्पष्ट मिळणे कठीण. मेथोट्रेक्सेटबरोबर दिल्यास गुण टिकतो, हेही याच गटाने पुढे दाखवले.

अमेरिकेत आमवातासाठी एटानरसेप्टला १९९८ मध्ये, इन्फ्लिक्सिमॅबला १९९९ मध्ये आणि ॲडालिमुमॅबला २००२ च्या अखेरीस परवानगी मिळाली. आतड्यांचा क्रोन रोग, सोरायसिस, पाठीचा मणका आखडवणारा दाह यांतही टीएनएफरोधकांचा हा वर्ग वापरला जातो. मात्र क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवण्याचे काम शरीरात टीएनएफ करते, त्यामुळे ते अडवले की दबलेला क्षय उसळू शकतो. भारतात तर हे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी टाळून चालतच नाही. किंमत ही दुसरी अडचण. २०१४ च्या डिसेंबरात झायडस कंपनीने ॲडालिमुमॅबचे समरूप औषध भारतात आणले आणि किंमत खाली आली, तरी अनेक कुटुंबांना ती आजही पेलत नाही. काही रुग्णांना या औषधांनी पुरेसा गुणही येत नाही.

फेल्डमन आणि मैनी यांना २००० मध्ये क्राफोर्ड पारितोषिक आणि २००३ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. मैनी २००३ मध्ये, तर फेल्डमन २०१० मध्ये ‘सर’ झाले. फेल्डमन केनेडी संधिवात संशोधन संस्थेचे संचालक होते. ही संस्था २०११ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात गेली. २०२० चे तांग पारितोषिक त्यांना चार्ल्स डिनारेलो व तादामित्सु किशिमोतो यांच्यासमवेत देण्यात आले.

उत्तरकाळात त्यांनी हस्तशल्यचिकित्सक जगदीप नांचहाल यांच्यासह ड्युपुट्रन विकारावर लक्ष दिले. यात तळहाताच्या कातडीखाली गाठी येतात आणि बोटे हळूहळू आत वळतात. सुरुवातीच्या अवस्थेत गाठीतच ॲडालिमुमॅब टोचण्याची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठी मऊ पडल्या आणि लहान झाल्या होत्या.