कोणता कायदा मोडला?

केरळमधल्या किडंगूरच्या शाळेत रोज सकाळी ‘जन गण मन’ व्हायचं. त्या वेळी तीन भावंडं इतर मुलांसारखीच ताठ उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या मोठ्या बहिणी याच शाळेत शिकून गेल्या होत्या, त्याही गायच्या नाहीत. इतक्या वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. जुलै १९८५मध्ये एका आमदाराला ते खटकलं आणि त्याने थेट विधानसभेत प्रश्न विचारला.

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने सांगितलं, मुलं कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा अपमान त्यांनी केलेला नाही. खरं तर प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याकडून सूचना आली आणि २६ जुलैला मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढलं. थोरला तेव्हा दहावीत होता.

हे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. भारतातले बहुतेक ख्रिस्ती राष्ट्रगीत म्हणतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. साक्षीदार मात्र कोणत्याच देशाचं राष्ट्रगीत म्हणत नाहीत, ब्रिटनचंही नाही आणि अमेरिकेचंही नाही. उपासनेचं गाणं फक्त देवासाठी, असं ते मानतात. गंमत म्हणजे हाच पंथ कर भरणं, सरकारी नियम पाळणं हेही धर्मकर्तव्य समजतो. दोन्हीला आधार नव्या करारातच आहे. पौल रोमच्या मंडळीला लिहितो की, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा. आणि प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र अधिकाऱ्यांना तोंडावर सांगतो की, माणसाच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा मोठी. दोन हजार वर्षं ख्रिस्ती माणूस या दोन वाक्यांच्या मधली जागा शोधतो आहे. या मुलांना ती सापडली होती : उभं राहायचं, गप्प राहायचं.

वडील केरळ उच्च न्यायालयात गेले आणि हरले. राष्ट्रगीतात कुणाच्याही धर्मभावना दुखावेल असा शब्द नाही, असं तिथे सांगण्यात आलं. ते बरोबरच होतं, फक्त मुलांची हरकत शब्दांना नव्हतीच.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. मुलांनी नेमका कोणता कायदा मोडला? शोधाशोध केली तर हाती काय लागलं? शिक्षण खात्याची दोन परिपत्रकं. १९७१च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या कायद्यानुसार राष्ट्रगीत गाण्यात मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे, न गाणं हा गुन्हा नाही. गायलाच हवं असा कायदा देशात नव्हता. मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर कायदा लागतो, खात्याच्या परिपत्रकाने ते होत नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयाने मुलांना परत घ्यायला सांगितलं. तोवर एक वर्ष आणि सोळा दिवस गेले होते.

या निकालात मुंबईचा एक धागा आहे. एखाद्याची श्रद्धा न्यायाधीशाला पटते की नाही हा मुद्दाच नसतो, हे सांगायला रेड्डींनी मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या पारशी खटल्याचा आधार घेतला. तो निकाल न्यायमूर्ती दिनशा दावर यांचा. हो, १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच दावर. इतिहास माणसांना एकाच खणात ठेवत नाही!

पण किडंगूरची गोष्ट त्या मानाने सोपी होती, असं मला वाटतं. संघर्ष होता तो मुलांचा आणि लोकांनी कायदा समजून घेतलेल्या एका सवयीचा. जिथे खरोखरीचा कायदा आडवा येतो तिथे काय?

दक्षिण कोरियात प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा आहे. साक्षीदार शस्त्र उचलत नाहीत. तिथे पळवाट काढायला परिपत्रक नव्हतं, लेखी कायदा होता. मग विशी-बाविशीतली मुलं नकार द्यायची आणि तुरुंगात जायची. अशी हजारो मुलं गेली. सुटल्यावर गुन्हेगार म्हणून नोंद राहायची, नोकरी मिळणं अवघड व्हायचं. कायदा मोडायचा, पण त्याची शिक्षा चुकवायची नाही, हा त्यांचा मार्ग होता. त्यांच्याबरोबरीचे बाकीचे मुलगे मात्र सीमेवर पहारा देत होते, आणि ‘आम्हीच का?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

जून २०१८मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने पर्यायी सेवेची सोय करा, असं सरकारला सांगितलं. ऑक्टोबर २०२०पासून ती सुरू झाली. सैन्यात अठरा महिने, तर पर्यायी सेवेत छत्तीस, आणि तीही तुरुंगांत. आधीची पिढी जिथे कैदी म्हणून गेली, तिथेच आता ही मुलं सेवा म्हणून काम करायला जातात.