‘धूलकोट’मध्ये अक्षरं किती?



सातपुड्याच्या कुशीतलं धूलकोट हे आमचं गाव. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी आणि बारेली. आमचे पणजोबा रावेरकडून इकडे आले आणि इथलेच झाले. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, निमाड राहिला, आणि निमाडाबरोबर आम्हीही राहिलो. २००३ साली बुऱ्हाणपूर जिल्हा खंडव्यापासून वेगळा झाला. आज जी गोष्ट सांगणार आहे ती त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. पण तिची सुरुवात आजोबांच्या दुकानात आहे.

आजोबांचं छोटंसं किराणा दुकान होतं. गल्ल्याखाली एक फाटकी अंकलिपी असायची. तिच्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं छापलेलं. औट म्हणजे साडेतीन. सात औट किती विचारलं की आजोबा मान वर न करता ‘साडेचोवीस’ म्हणायचे. मला कागद-पेन्सिल लागायची. एकदा विचारलं, हे तुम्ही गुणता कधी? म्हणाले, गुणायचं कशाला, कोणीतरी आधीच गुणून ठेवलंय.

पुढे कॉम्प्युटर शिकताना ‘लायब्ररी’ हा शब्द आला, तेव्हा मला ती अंकलिपीच आठवली. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तीच तीच कामं पुन्हा लागतात. तारीख मांडणं, नावं क्रमाने लावणं, रकमेत स्वल्पविराम टाकणं, लांब ओळ कापणं वगैरे. ती एकदा नीट लिहून ठेवायची आणि पुढच्यांनी नुसती हाक मारायची.

ही कल्पना कॉम्प्युटरइतकीच जुनी म्हणायला हवी. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक नावाचं यंत्र सुरू झालं. मॉरिस विल्क्स त्याचे प्रमुख आणि डेव्हिड व्हीलर त्यांचा तरुण विद्यार्थी. वर्गमूळ काढणं, संख्या छापणं असली कामं त्यांनी कागदी फितीवर भोकं पाडून तयार ठेवली. फिती कपाटात. ज्याला जी हवी तिची नक्कल करून त्याने आपल्या प्रोग्रॅमच्या फितीत घालायची. १९५१ पर्यंत अशी ८७ तयार कामं त्या कपाटात होती. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्यावर पुस्तकही काढलं. म्हणजे ‘लायब्ररी’ हे नाव नुसतं शोभेचं नव्हतं, खरंच कपाट होतं!

आमच्या पिढीने सी भाषा शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ पडदा पुसायची. मी ती भाषेचाच भाग समजत होतो. नोकरीत युनिक्स यंत्रावर बसलो, तीच ओळ टाकली, आणि यंत्र म्हणालं की असलं काही मला माहीत नाही. तेव्हा कळलं, पडदा पुसणारं ते काम सी भाषेचं नव्हतं, टर्बो सीच्या लायब्ररीचं होतं. उसनी वस्तू इतकी अंगवळणी पडते की ती उसनी आहे हेच आपण विसरतो.

पुढे पुण्यात एका लहान कंपनीत लागलो. आम्ही पतसंस्थांसाठी जावा भाषेत हिशोबाचे प्रोग्रॅम करायचो. जावाबरोबर भलीमोठी तयार लायब्ररी येते, पण आपले लाख-कोटी तिला झेपत नव्हते. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट आपण १२,३४,५६७ असे लिहितो. जावाचं आकडे मांडणारं साधन १,२३४,५६७ लिहायचं. त्याला आपल्या पद्धतीचा साचा दिला तरी ते फक्त शेवटचा तीनचा गट मानायचं आणि बाकीचे गट सोडून द्यायचं. तसं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच होतं. म्हणून मी आमची स्वतःची एक फाइल सुरू केली. नाव ठेवलं ‘युटिल’. पहिलं फंक्शन लाखाच्या स्वल्पविरामाचं.

दुसरं रक्कम अक्षरी लिहिण्याचं. यात खरी मजा आली. इंग्रजीत नव्व्याण्णवपर्यंत जायला सत्तावीस शब्द पुरतात. एक ते एकोणीस, आणि पुढचे आठ दशक. मराठीत नव्व्याण्णव आकड्यांना नव्व्याण्णव शब्द. एकोणऐंशी ऐकून एकोणसत्तर लिहिणारे आमच्या ऑफिसात कमी नव्हते. शेवटी घरी फोन लावला. वडिलांनी तीच फाटकी अंकलिपी समोर धरून एकेक शब्द सांगितला आणि मी टाइप केला. एसटीडीचं बिल माझ्याच खिशातून गेलं, पण ते फंक्शन पुढे कधी चुकलं नाही.

तिसरं फंक्शन सगळ्यात साधं होतं. लांब मजकूर ठरावीक लांबीला कापायचा, म्हणजे पासबुकाच्या रकान्यात मावेल. चार ओळींचं काम. मी इंग्रजीत तपासलं, चाललं. गावाच्या रकान्याला बारा अक्षरं दिली. सहकाऱ्यांनी ‘युटिल’ उचलून आपापल्या प्रोग्रॅममध्ये टाकली. पाच ठिकाणी तीच फाइल गेली, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

वडिलांचं एक खातं रावेरकडच्या एका पतसंस्थेत होतं. योगायोगाने तिथे आमचाच प्रोग्रॅम बसला. काही महिन्यांनी वडिलांचा फोन आला. “अरे, यांच्या मशीननं आपलं गाव अर्धंच छापलंय.” पासबुकावर ‘मु. पो. धूलक’ एवढंच होतं. पत्ता तिथेच संपला होता. पत्रांवरही तोच. ठेवीची मुदत संपल्याचं त्यांचं पत्र कुठे कुठे हिंडून परत गेलं. पैसे बुडाले नाहीत, पण म्हातारा माणूस दोनदा बस बदलून तिथे जाऊन आला. ते फंक्शन माझं आहे हे मी त्यांना फोनवर सांगितलं नाही. जीभच रेटली नाही.

कागद घेऊन मोजायला बसलो. ‘मु. पो. धूलकोट’, डोळ्याला दिसतात ती अक्षरं, टिंबं आणि मोकळ्या जागा धरून दहा. बारात आरामात बसतात. पण कॉम्प्युटर उकार, ओकार वेगळे मोजतो. मग होतात चौदा. बारावर कापलं की ‘क’चा ओकार आणि ‘ट’ गळतात. उरतं ‘धूलक’. नुसतं ‘धूलकोट’ घ्या. आपल्याला चार अक्षरं, जावाला सहा चिन्हं, आणि युटीएफ-आठ पद्धतीने साठवून सी भाषेला विचारलं तर ती सांगते अठरा. उलटं छापायला सांगितलं तर तऱ्हा आणखी निराळी. ‘टकोलधू’ यायला हवं, तर येतं ‘टोकलूध’. ओकार ‘क’ला सोडून ‘ट’ला चिकटतो.

आणि ‘बुऱ्हाणपूर’! त्यातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक अख्खा, दुसरा ‘र’ अधिक नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की यंत्र म्हणतं ही दोन वेगळी गावं.

खटकलं ते हे, की सर्वांच्या उपयोगाची म्हणून जी फाइल मी लिहिली, तिच्यात माझंच गाव मावलं नाही. जावावाल्यांना लाख माहीत नव्हते म्हणून मी नाकं मुरडली होती. मी मात्र मराठीसाठीच लिहीत होतो, आणि तपासलं इंग्रजीत.

बरं, अक्षरांच्या सीमा ओळखणारं साधन जावात १९९७ पासूनच होतं. शिवाय १९९९ पासून आयबीएमने खुली केलेली आयसीयू नावाची लायब्ररी होती (नाव ऐकून दवाखाना आठवतो, पण काम लिप्यांचं). ती आपल्या लाखांचे स्वल्पविरामही बरोबर टाकते. मी शोधलंच नव्हतं. एका दुपारी ते फंक्शन दुरुस्त केलं.

पण फाइलच्या नकला झाल्या होत्या ना. मूळ सुधारलं म्हणून नक्कल सुधारत नाही. एडसॅकच्या फितींचंही तसंच असणार. आजकाल नक्कल न करता सगळे नेटवरच्या एकाच मूळ प्रतीवर अवलंबून राहतात. त्याची तऱ्हा २०१६ च्या मार्चमध्ये दिसली. ‘लेफ्टपॅड’ नावाचं अकरा ओळींचं फंक्शन त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांची कामं काही तास अडली. मला विचाराल तर तरीही एकच प्रत बरी. काही बिघडलं तर निदान कुठे जायचं ते कळतं. मी पाचांपैकी तीन प्रोग्रॅम गाठले. दोन ज्यांच्याकडे होते त्यांनी नवी प्रत बसवायला नकार दिला. चालतंय ना, म्हणाले.

त्या दिवाळीला घरी गेल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “‘धूलकोट’मध्ये अक्षरं किती?” मी म्हटलं, चार. “मग तुझ्या मशीनला आधी बाराखडी शिकवायची होतीस.” एवढं बोलून ते दुकानात गेले.

ते पासबुक माझ्याकडे आहे. ‘धूलक’च्या पुढे त्यांनी निळ्या बॉलपेनने काना-मात्रा काढून ‘ट’ लिहिलाय.