मूळचे कोण?

‘तुम्ही बाहेरचे’ हे आम्हा मुसलमानांना वारंवार ऐकवले जाते. विज्ञान काय सांगते ते पाहू. प्राचीन हाडांतील डीएनए सांगतो की आजचे युरोपीय मुख्यतः तिघांपासून झाले: तिथले जुने शिकारी, आजच्या तुर्कस्तानातून गेलेले शेतकरी आणि सुमारे ५,००० वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून आलेले पशुपालक. म्हणजे ‘मूळ युरोपीय’ असा कोणी नाहीच.

त्याच पशुपालकांचा अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास भारतातही आला. राखीगढीच्या हडप्पाकालीन स्त्रीत तो नाही, हे २०१९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी दाखवले. त्याआधी २००९ च्या अभ्यासात भारतातले बहुतेक समूह, आदिवासीही, मिश्र वंशाचेच आढळले. भारतीय मुसलमानांचे जनुकीय नातेही मुख्यतः शेजारच्या हिंदूंशीच जुळते.

तरी हक्क रक्तावर ठरू नये. जव्हार तालुक्यातल्या वावरच्या वारल्याला २००६ चा वनहक्क कायदा डीएनए मागत नाही. जमीन कोण कसतो, ते विचारतो. ज्या मातीत माझ्या पिढ्यांनी घाम गाळला आणि जिथे त्यांच्या कबरी आहेत, तिच्याबद्दल मलाही तेवढेच विचारा.