हद्द, घरपट्टी आणि शाळा : पुणे शहरातील कर-अपिलाचा अधिकार व त्याची मर्यादा

प्राथमिक शिक्षणाचा खर्च स्थानिक करातून भागवावयाचा असे एकदा ठरले, की कर कोणी द्यावयाचा आणि शाळा कोणासाठी काढावयाची, हे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. दोहोंचे उत्तर अखेर हद्दीच्या रेषेवर अवलंबून असते. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत शाळेसाठी स्वतंत्र करक्षेत्र असते. त्याची सीमा बदलली, की कराचा दर बदलतो आणि घराची बाजारातील किंमतही बदलते. म्हणून तेथील घरमालक त्या मूल्यांकनाविरुद्ध दाद मागू शकतो. आपल्याकडे असे स्वतंत्र शालेय करक्षेत्र नाही. नगराची हद्द हीच कराची हद्द आणि प्राथमिक शाळेच्या जबाबदारीचीही हद्द होय. ही हद्द हलली असता घरमालकाला कशाविरुद्ध अपील करता येते आणि कशाविरुद्ध येत नाही, याचा विचार पुणे शहराच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचा उगम पुण्यातच शोधणे युक्त ठरेल. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सरकारच्या संमतीने स्थानिक संस्थांनी आपल्या क्षेत्रात, अथवा त्याच्या एखाद्या भागात, शिक्षण सक्तीचे करावे आणि त्यासाठी खास कर बसवावा, अशी त्यात तरतूद होती. १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. तथापि शाळा, क्षेत्र आणि कर यांची सांगड त्यात स्पष्टपणे घातली गेली होती. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा झाला आणि सक्तीचा निर्णय नगरपालिकांच्या हाती आला.

पुण्यात लगेच वाद उद्भवला तो पैशाचा. उत्पन्न अपुरे असल्यामुळे आरंभी सक्ती मुलांपुरती ठेवावी, असा एक पक्ष होता. टिळकपक्षाचा कल त्या बाजूस होता. मुलींना वगळू नये यासाठी १९२० च्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी मिरवणूक काढली. नारायण पेठेतील गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरी वाडा, हे टिळकपक्षाचे केंद्र असल्याने हा वाद पेठेच्या उंबरठ्यावरचाच होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की करदात्याच्या पैशाने कोणाला शिकवावयाचे हा प्रश्न सभा, वृत्तपत्र आणि मिरवणूक यांच्या मार्गाने लढविला गेला. करविषयक अपिलाच्या मार्गाने नव्हे. तो त्या मार्गाने लढविणे शक्यही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था अधिक पक्की झाली. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्ह्यासाठी आणि अधिकृत नगरपालिकांसाठी वेगळी शिक्षण मंडळे ठेवली. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्यात महानगरपालिका आली. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राने शिक्षण उपकराचा कायदा केला. शहरात हा उपकर घरे व जमिनी यांच्या वार्षिक भाडेमूल्यावर बसतो, तर शेतीवर तो विशिष्ट पिकांच्या जमिनीवरील खास आकारणीच्या रूपाने येतो. उपकराची वसुली महापालिका करीत असली, तरी रक्कम राज्याच्या तिजोरीत जमा होते. यामुळे नारायण पेठेतील घरमालक भरतो तो उपकर त्याच्या पेठेतील शाळेशी बांधलेला नाही.

आता अपिलाकडे वळू. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार घराचे करपात्र मूल्य म्हणजे ते घर वर्षभर भाड्याने दिल्यास वाजवीपणे जी रक्कम येईल, तीतून दुरुस्ती इत्यादींसाठी १० टक्के वजा करून उरणारी रक्कम. हे मूल्य मान्य नसल्यास प्रथम आयुक्तांकडे मुदतीत तक्रार करावी लागते. त्यानंतर कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायाधीशापुढे अपील करता येते; मात्र त्यासाठी वादग्रस्त कराची रक्कम आधी भरणे आवश्यक असते. ही अट अन्यायकारक असल्याचा आक्षेप अहमदाबादच्या अनंत मिल्स खटल्यात घेण्यात आला होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. अपिलाचा अधिकार कायद्यानेच दिलेला असल्यामुळे कायदा त्यावर अटी घालू शकतो, असा त्याचा आशय आहे.

या चौकटीत नारायण पेठेतील जुना वाडा आणि हद्दीलगतचे नवे गाव यांची स्थिती भिन्न आहे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या घराचे करमूल्य प्रमाण भाड्याहून अधिक धरता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याच्या पद्मादेवी खटल्यात मांडले. जुन्या भाडेकरूंनी भरलेल्या वाड्याचा कर त्यामुळे माफक राहतो. वाडा पाडून नवी इमारत उभी राहिली, की आकारणी नव्याने होते. उलट, गाव महापालिकेत आले की ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जागी शहराचा मालमत्ता कर येतो. कलम १२९-अ नुसार आरंभी जुनाच दर ठेवून फरकाचा बोजा पुढे दरवर्षी २० टक्क्यांच्या पायरीने चढविला जातो. ही सवलत बोजा लांबणीवर टाकते, नाहीसा करीत नाही.

अशा वेळी घरमालक खोलीचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष, वापराचा प्रकार किंवा भाड्याचा दर चुकीचा धरला, असे अपिलात म्हणू शकतो. शाळा, पाणी व रस्ता मिळण्यापूर्वी कर आला, असे त्याला म्हणता येत नाही. कर आणि शुल्क यांतील भेद शिरूर मठ खटल्यात १९५४ साली स्पष्ट झाला आहे: शुल्कामागे विशिष्ट सेवेचा मोबदला असतो, करामागे तसा तो असावाच लागत नाही. म्हणून न्यायाधीशापुढे आकडा जातो, हद्द जात नाही.

हद्दीचा वाद मग दुसऱ्या मार्गाने सुटतो. १९९७ साली ३८ गावे महापालिकेत आली; २००१ मध्ये त्यांपैकी काही पूर्णतः तर काही अंशतः वगळण्यात आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुन्हा घेण्यात आली. करांचा बोजा आणि त्या मानाने अपुऱ्या सोयी या तक्रारीवरून फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे २०२४ साली बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. जे काम एकाही अपिलाने झाले नसते, ते शासनाच्या एका अधिसूचनेने झाले.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की करविषयक अपील हे व्यक्तीच्या घराचे रक्षण करते, वस्तीच्या हक्काचे करीत नाही. वस्तीचा हक्क, विशेषतः शाळेचा हक्क, १९२० प्रमाणे आजही सार्वजनिक चळवळीवर अवलंबून आहे. ज्या वस्तीकडे संघटित बळ आहे तिला अधिसूचना मिळते. नसेल तिच्या वाट्याला केवळ वाढीव देयक येते. हद्दबदलाच्या वेळी शाळांच्या हस्तांतरणाचे वेळापत्रक व कराच्या चढत्या पायऱ्या यांची कायद्यानेच सांगड घातली, तर ही विषमता काही अंशी कमी होऊ शकेल. स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकांनी आकारणीची नोंदपुस्तके आणि शाळांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे यासाठीच सुचवावेसे वाटते.