तारयंत्राच्या घराण्यातला मूळपुरुष

ज्वालामुखी फुटण्याआधी बहुधा त्याच्या पोटात लहान लहान भूकंपांची रांग लागते. म्हणून अशा डोंगरांच्या अंगाखांद्यावर आज भूकंपमापक बसवलेले असतात. या विद्येची वंशावळ सांगणारे इ.स. 132 मधल्या चीनच्या चांग हंगच्या भूकंपदर्शक यंत्रापासून सुरुवात करतात, मग इटलीतले लंबक उरकतात आणि थेट 1880 च्या जपानात उतरतात. मला ही वंशावळ पटत नाही. तिच्यात मूळपुरुषाला कोपऱ्यात बसवले आहे, आणि तो तारयंत्राच्या घराण्यातला आहे.

नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या उतारावर 1841 साली वेधशाळा स्थापन झाली. तिथे लुईजी पाल्मिएरी यांनी 1856 मध्ये विजेवर चालणारा भूकंपलेखक उभा केला. वाकवलेल्या काचनळ्यांत पारा आणि पाऱ्यापासून केसभर वर धातूची तार. जमीन हलली की पारा उसळून तारेला टेकायचा आणि वीज वाहू लागायची. विद्युतचुंबक घड्याळ थांबवायचा, कागदी पट्टी सरकायची, पेन्सिल तिच्यावर खुणा करायची. उभ्या धक्क्यांसाठी पाऱ्यावर टांगलेली स्प्रिंग वेगळी. वीज, चुंबक, पट्टी: सगळा सरंजाम मॉर्सच्या तारयंत्राचा, फक्त तारबाबूच्या जागी डोंगर!

लंबकवाल्यांचा आक्षेप ठाऊक आहे. पाल्मिएरींचे यंत्र धक्क्याची वेळ सांगे, पण तरंगाचा खरा आलेख युइंग, ग्रे आणि मिल्न या शास्त्रज्ञांनी जपानात लंबकावरच काढला. कबूल. पण पहारा ठेवायचा तर आधी हजेरी हवी, आणि माणूस झोपला तरी हजेरी घेणारे यंत्र व्हेसुव्हियसवर होते. 1872 च्या उद्रेकातही पाल्मिएरी वेधशाळा सोडून गेले नाहीत.

शिवाय त्यांचे यंत्र 1875 मध्ये टोकियोत बसले होते, मिल्न तिथे पोहोचण्याच्या एक वर्ष आधी. पुढे तिथल्याच भूकंपशास्त्रज्ञ ओमोरींनी 1910 मध्ये उसू ज्वालामुखीवर भूकंपमापक नेला. ते नेपल्सचे यंत्र त्यांनी पाहिलेच असणार, असे मी धरून चालतो. 1912 मध्ये भूशास्त्रज्ञ जॅगर यांनी हवाईत किलाउएया ज्वालामुखीच्या काठावर कैद्यांकडून तळघर खोदून घेतले आणि त्यात ओमोरींची यंत्रे मांडली.

खडक तडकल्याचा धक्का वेगळा आणि तप्त द्रव-वायूंच्या हालचालीचा संथ धक्का वेगळा, हे आता आलेखावरून ओळखता येते. त्याचे श्रेय लंबकवाल्यांना खुशाल द्या. डोंगराच्या धक्क्यांची चोवीस तास हजेरी घेण्याची रीत मात्र पाल्मिएरींची. वंशावळीत पहिले नाव त्यांचेच हवे.