हाताचा स्क्रेपर : निवड आणि धार

लाकडाचा पृष्ठभाग खरवडून गुळगुळीत करण्याची पातळ पोलादी पत्ती म्हणजे हाताचा स्क्रेपर. उंची फर्निचर आणि व्हायोलिनकुळातील वाद्ये यांच्या अखेरच्या हातकामात ती वापरतात. पत्तीच्या कडेवर मुद्दाम वळवलेली अतिसूक्ष्म आकडी हीच तिची धार होय.

उपयोग : तंतूंच्या उलट दिशेने चाललेला रंधा लाकूड उचकटतो. व्हायोलिनच्या पाठीसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरदार मेपलमध्ये तंतूंची दिशा थोड्याथोड्या अंतरावर पालटते, त्यामुळे हा धोका कायम राहतो. स्क्रेपर पृष्ठभागाशी बराच उभा धरला जात असल्याने त्याची आकडी तंतू उचलत नाही, त्यांचा अगदी पातळ पापुद्रा कापते. पॉलिश पेपरने बारीक ओरखडे उठतात व लाकडाच्या रंध्रांत धूळ बसते. खरवडलेल्या लाकडावर मात्र व्हार्निशखालील लहर स्वच्छ दिसते.

निवड : सामान्य पत्ती आयताकृती असून सुमारे १५० मिमी. लांब व ६० मिमी. रुंद असते. फर्निचरच्या सपाट फळीसाठी ०.८ मिमी. जाडी सोयीची ठरते. ०.४ ते ०.६ मिमी. जाडीची पत्ती सहज वाकते व हलके काम करते, १ मिमी.ची पत्ती ताठ राहून जास्त लाकूड काढते. वाद्याच्या आतल्या खोलगट भागासाठी लंबगोल, तर मानेच्या वळणांसाठी हंसाच्या मानेसारखी पत्ती लागते. पोलाद करवतीच्या पात्याइतके, म्हणजे रॉकवेल सी मापनात सुमारे ५० कठीण असावे. त्याहून फार कठीण पोलादावर कानस चालत नाही आणि आकडी वळताना तुटते; मऊ पोलादाची आकडी लवकर झिजते. म्हणूनच जुन्या करवतीच्या पात्यापासून चांगला स्क्रेपर बनतो.

धार लावणे : पत्ती व्हाइसमध्ये उभी पकडून बारीक कानशीने तिची कड सरळ व काटकोनी करतात. कानस तिरकी होऊ नये म्हणून तिला लाकडी ठोकळ्याचा आधार देतात. नंतर कड व दोन्ही बाजू धारेच्या दगडावर घासून कानशीचे ओरखडे काढतात. ही पायरी टाळल्यास आकडी दातेरी होते आणि तिचे दाते लाकडावर रेघा ओढतात.

पुढचे काम बर्निशर या गुळगुळीत, पत्तीहून कठीण पोलादी कांडीचे असते. पत्ती आडवी ठेवून कडेलगतच्या दोन्ही बाजू तिने घोटल्या की धातू कडेकडे सरकतो. मग पत्ती उभी पकडून तेलाचा हात लावलेला बर्निशर कडेवरून आधी आडवा, नंतर ५ ते १० अंश कलता फिरवतात. दोनतीन हलके हात पुरतात. जास्त दाबाने आकडी इतकी वळते की ती लाकडाला लागतच नाही. दोन्ही लांब कडांच्या दोन्ही अंगांना आकडी काढल्यास एका पत्तीला चार धारा मिळतात.

व्हायोलिनचे काही कारागीर कडेला सुमारे ४५ अंशांचा उतार देऊन एकच धार ठेवतात. ती अधिक तीक्ष्ण असते, पण कमी टिकते. व्हायोलिनच्या वरच्या फळीच्या स्प्रूसला अशी तीक्ष्ण धार मानवते. या लाकडात मऊ व कठीण थर एकाआड एक असतात. बोथट धार मऊ थर दाबते, तो पुढे फुगतो आणि पृष्ठभागावर वळ्या उठतात. ही फळी अखेरीस साधारण ३ मिमी. जाडीची राहत असल्याने खरवडताना जाडीमापकाने वारंवार तपासावी लागते.

वापर व निगा : अंगठ्यांनी पत्ती मध्यभागी किंचित वाकवून, पुढे कलती धरून ढकलतात. वाकवल्यामुळे तिचे कोपरे लाकडात रुतत नाहीत. एकाच जागी घासल्यास खड्डा पडतो, म्हणून हात लांब व एकमेकांवर येणारे असावेत. घर्षणाने पत्ती तापते, तेव्हा ती मधूनमधून थंड होऊ द्यावी. पातळ छिलक्याऐवजी भुकटी पडू लागली की धार उतरली असे समजावे. अशा वेळी बर्निशरने पुन्हा घोटून आकडी काढता येते. काही वेळा असे केल्यावर आकडी नीट उठेनाशी झाली, की पुन्हा कानशीपासून सुरुवात करावी लागते.